पद्मिनी

रात्री अकराला मी अंथरुणात फोन नाकाशी धरून बसलेला. बायकोनं विचारलं, "काय बघताय एवढं?" मी बेसावधपणे म्हणालो, "पद्मिनी." पुढची दहा मिनिटं मोलाची होती, ती इथं सांगत नाही.

प्रीमिअरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. १९६४ साली ती 'फियाट ११०० डिलाइट' होती, सत्तरच्या दशकात कागदोपत्री 'पद्मिनी' झाली. पण आपल्याकडे सासरचं नाव कोण वापरतं? शेवटपर्यंत ती फियाटच. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या फियाटची वीस वर्षं भरली आणि ती रस्त्यावरून गेली. बातमी वाचून मला एकदम वाटलं, आता नाही तर कधीच नाही. बावन्नाव्या वर्षी असं फार वेळा वाटतं. एरवी त्यावर मी चालायचे बूट घेतो.

वाईला एका वाड्याच्या पडवीत एक विकाऊ पद्मिनी सापडली. टपावर कोंबडी बसली होती. मालक आजोबांनी किंमत सांगण्याआधी विचारलं, "चोक किती ओढायचा, कळतं का?" मी गप्प. मग त्यांनी बॉनेट उघडून १०८९ सीसीचं ते इवलंसं इंजिन नातवासारखं दाखवलं आणि एक जुनं फडकं माझ्या हातात ठेवलं. "उन्हात चढाला रुसली तर हे ओलं करून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर टाकायचं. आतल्या पेट्रोलची वाफ होते, दुसरं काही नाही. तोवर चहा प्यायचा."

कागदपत्रांचं विचारू नका. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंग, वर पर्यावरण कर. माझी साखर तर दर तीन महिन्यांनी तपासतात. गाडीचं बरं म्हणायचं.

परतताना बायको शेजारी, सलग सीटवर. एसी नाही म्हणून कुरकुरत तिनं त्रिकोणी काच फिरवली, वारा थेट तोंडावर आला, मग गप्प बसली. सुरूरच्या अलीकडे एसटी आडवी आली. वेग कमी केला आणि गिअर टाकायला सवयीनं डावा हात खाली नेला, तर तिथं गिअर नव्हताच, बायकोचा गुडघा होता.

"अहो, गिअर वर आहे, स्टिअरिंगपाशी," ती म्हणाली.

हात मात्र तिनं बाजूला केला नाही. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला.