तीन इंची श्वास

पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची गावं एकाहून जास्त आहेत. एक बालेवाडीच्या स्टेडियमला चिकटलेलं, जिथे शेतांत आता टॉवर उगवतात. एक आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ, हुतात्मा बाबू गेनूंचं. आणि आमचं खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे, चाकण एमआयडीसीच्या पोटातलं. इथे बजाजच्या मोटारसायकली होतात. आजूबाजूच्या निघोजे, कुरुळी, खराबवाडीच्या शिवारांत फोक्सवॅगन आणि मर्सिडीज होतात. देशोदेशीच्या लोकांच्या गाड्या आमच्या दारात जन्माला येतात. आमच्या दारात उभी असलेली गाडी मात्र सेकंडहँड असते.

माझ्या मेव्हण्याला हे खुपतं. तो एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे पार्ट मोजतो, दहा मायक्रॉन जास्त भरला की लाल बिनमध्ये टाकतो, आणि सुट्टीच्या गुरुवारी आमच्याकडे जेवायला आला की माझ्या जुन्या हॅचबॅककडे बघून हळहळतो. एका गुरुवारी त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि निदान केलं.

"दाजी, गाडीला श्वास घेता येत नाही."

"तुला येतोय ना?" आमच्या सौभाग्यवतींनी खिडकीतून विचारलं. "मग हात धू आणि वर ये. आमटी निवतेय."

पण आमटीच्या वाटीशेजारी हिशोबाचा कागद आला, आणि हिशोब खोटा नव्हता. इंजिन 1.2 लिटरचं. फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदाच पोटभर हवा. 3,000 आरपीएमला मिनिटात 1,500 वेळा. कागदावर 1,800 लिटर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे माझी ती फुटकी गाडी एकटी अडीचशे माणसांची हवा ओढते. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला एवढी माणसं कधी जमलेली नाहीत. शिवाय एक किलो पेट्रोल नीट जळायला 14.7 किलो हवा लागते. पंपावर आपण पैसे मोजतो ते पेट्रोलचे, आणि त्याच्या जवळजवळ पंधरा पट वजनाचा माल वरून फुकट मिळतो. जे फुकट मिळतं ते जरा जास्त घ्यावं, हा मुद्दा मला लगेच पटला. माझ्या पिढीतल्या कुठल्याही मराठी माणसाला पटला असता.

आता कंपनीने दिलेली व्यवस्था. हेडलाइटच्या मागे एक प्लास्टिकची सोंड, ती बाहेरची हवा घेते. पुढे फिल्टरचा काळा डबा, त्यात कागदी फिल्टर. तिथून थ्रॉटलपर्यंत नळी, आणि त्या नळीच्या कुशीला एक बंद, रिकामा डबा.

"हा बघा," मेव्हणा म्हणाला. "नुसता अडथळा. काही कामाचा नाही."

इथे मी थबकलो. मीही व्हेंडरकडेच नोकरीला आहे. पार्टामागे पंधरा पैसे कमी करा म्हणून कस्टमर आमच्या मानेवर कसा बसतो, ते मी पाहिलेलं आहे. एका क्लिपचा एक दात उडवला तर किती वाचतील यावर दोन तासांची मीटिंग झाल्याचं मला आठवतं. तो कस्टमर एक अख्खा रिकामा डबा, उगाच, हौस म्हणून, प्रत्येक गाडीत फुकट लावेल? चाकणमध्ये ज्याने एकदा तरी कोटेशन भरलंय त्याचा यावर विश्वास बसणार नाही. तो डबा म्हणजे रेझोनेटर. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ज्या पोकळ गोळ्यांवर आवाजाचा अभ्यास केला, त्यांचाच हा वंशज. हवा ओढताना इंजिन जो घुमारा काढतं, त्यातली ठरावीक कंपनं गिळायची, एवढंच त्याचं काम. मी हे मेव्हण्याला सांगितलं. त्याचे डोळे चमकले. "म्हणजे हा काढला की आवाज येणार?"

त्या क्षणी गाडीच्या श्वासाचा विषय संपला होता, असं मला आजही वाटतं.

बाजारात तयार किट मिळतं. चकचकीत ॲल्युमिनिअमचा पाईप, टोकाला लाल टोपीचा कोन फिल्टर. किंमत अशी की तेवढ्यात गाडीचा वर्षाचा विमा उतरून वर सर्व्हिसिंग व्हावं. म्हणून आम्ही नाक्यावरच्या हार्डवेअरच्या शेठकडे गेलो आणि 75 मिलिमीटरचा, म्हणजे बोलीभाषेतला तीन इंची, एसडब्ल्यूआर पाईप मागितला. मैला, सांडपाणी आणि पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी जो बनतो, तो.

"कितवा मजला?" शेठनी विचारलं.

"मजला नाही. गाडीला लावायचाय."

"गाडीत संडास?" शेठ विचारात पडले. "लांबच्या प्रवासाला बरं पडेल."

मेव्हण्याने खिशातून व्हर्निअर काढला. पाईप तीन ठिकाणी मोजला, गोलाईत फरक आहे म्हणून तोंड वाकडं केलं आणि मटेरिअलचं टेस्ट सर्टिफिकेट मागितलं. शेठ म्हणाले, "पाणी सोडून बघा. गळलं तर परत आणा." पुरवठादाराने दिलेली इतकी स्वच्छ वॉरंटी मी इतक्या वर्षांच्या नोकरीत ऐकलेली नव्हती.

फिल्टर चाकणच्या एका गॅरेजवाल्याकडून आला. होज क्लिपा ऑनलाइन मागवल्या. त्या आधी बालेवाडीच्या महाळुंग्याला जाऊन, तिथलं शहरीकरण पाहून, मग आमच्याकडे आल्या.

काम पार्किंगमध्ये, बल्ब लोंबकळत ठेवून चाललं. मेव्हण्याने कंपनीच्या सवयीने आधी ड्रॉइंग काढलं, कोपऱ्यात रिव्हिजन शून्य लिहिलं. नव्वद अंशांचा एल्बो बॅटरीला अडला, मग पंचेचाळीसचे दोन आले, रिव्हिजन एक. थ्रॉटलचं तोंड जेमतेम दोन इंची निघालं, म्हणून रिड्यूसर लागला, रिव्हिजन दोन. तीन इंचांचा राजमार्ग शेवटी दोन इंचांच्या त्याच दारात संपणार होता, पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि बॉनेटखाली गरमी असतेच, म्हणून त्यावर स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळली. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यातल्या पोळ्या वर्तमानपत्रात आल्या. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर पाईपला भोक पाडून बसवला. त्याचं रबर मिक्सरच्या भांड्याच्या वॉशरमधून कापलं होतं, हे घरात नंतर कळलं. आणि जिथे काहीच जुळेना तिथे एम-सील. दिवसा दहा मायक्रॉनसाठी सप्लायरला रडवणारा माणूस दोन रंगांच्या कांड्या मळून अंगठ्याने थापत होता.

"टॉलरन्स किती?" मी विचारलं.

"अंडर डेव्हिएशन," तो म्हणाला, म्हणजे मापात नाही पण चालवून घ्या, आणि त्याने अंगठा पुसला. तेवढा खूश मी त्याला प्रमोशनच्या दिवशीही पाहिलेला नव्हता. त्याने पास केलेले हजारो पार्ट रोज रस्त्यावर धावतात, पण त्यातला कुठला आपला, हे त्याला कधीच दाखवता येत नाही. हा दाखवता येत होता. फारच.

सौभाग्यवती खाली आल्या, त्यांनी पाईप निरखून पाहिला. "जाळी लावलीस का तोंडाला? नाहीतर झुरळं वर येतात."

खालच्या मजल्यावरचा इंजिनीअरिंगचा मुलगाही आला. तो कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंटच्या टीममध्ये आहे. ही मुलं स्वतः रेसची गाडी बांधतात. त्यांच्या गाडीत केटीएम 390 चं इंजिन आहे, 373 सीसीचं, आमच्याच महाळुंग्याच्या बजाजमध्ये बनलेलं. मेव्हण्याला वाटलं, हा आपल्या जातीचा. त्याने विचारलं, "तुमचा इनटेक किती इंची?"

"वीस मिलिमीटर," मुलगा म्हणाला. "नियमच आहे. पेट्रोलच्या गाडीची सगळी हवा तेवढ्याच भोकातून गेली पाहिजे." रुपयाच्या नाण्याएवढं भोक. मग ती मुलं त्या भोकाच्या आधीचा उतार आणि नंतरचा हळूहळू रुंदावत जाणारा गळा यावर महिनोन्‌महिने घालवतात. हवा त्या गळ्यात ध्वनीच्या वेगाला पोचली की पुढे इंजिनाने कितीही जोर लावला तरी जास्तीचा एक थेंब हवा येत नाही. चाकणच्या तळेगाव चौकात मागून कितीही हॉर्न वाजवले तरी सुटायच्या तेवढ्याच गाड्या सुटतात, तसं. मुलाने आमच्या दोन एल्बोंकडे पाहिलं, संस्कारी असल्यामुळे काही बोलला नाही, फक्त "एम-सील आतून नीट घासलंय ना काका?" एवढं विचारून गेला.

मग चाचणी. वेग वाढला का हे बघायला वेग घेता येईल असा रस्ता लागतो, आणि आमच्याकडे दोन्ही बाजूंना कंटेनर झोपलेले असतात. 1660 साली शाहिस्तेखानाला चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांकडून घ्यायला जवळजवळ दोन महिने लागले. आज त्याला नुसतं चाकण ओलांडायचं असतं तरी तो मुदतवाढ मागून बसला असता. शेवटी पहाटे, थर्ड शिफ्टच्या बस सुटायच्या आधी, आम्ही निघालो. ॲक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून असा काही घुमारा उठला की मी मागे वळून कुठला ट्रक आला ते बघितलं. स्पीडोमीटरचा काटा पूर्वी जितक्या सावकाश चढायचा तितक्याच सावकाश चढत होता. आवाज मात्र राजगुरुनगरला पोचला होता.

"फरक आहे," मेव्हणा म्हणाला.

फरक होताच. बॉनेटखालची हवा तापलेली. बाहेर 35 अंश आणि आत 60 धरले तर हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. कंपनीची सोंड बाहेरची थंड हवा घेत होती. आमचा कोन फिल्टर इंजिनाने तापवलेलीच हवा इंजिनाला परत पाजत होता. गाडीचा संगणक इमानदार, सेन्सर सांगेल तसं हवेच्या मानाने पेट्रोल कमी करणारा. त्यामुळे गर्दीत अडकल्यावर गाडी पूर्वीपेक्षा कमी श्वास घ्यायची, पण चारचौघांना ऐकू जाईल असा घ्यायची. असे लोक प्रत्येक ऑफिसात असतात.

मग मी कायदा वाचला. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. परवानगीबाहेर गाडीत फेरफार केला तर मालकाला दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी 'मालक' या शब्दाखाली रेघ मारली. फेरफार मेव्हण्याचा, आरसी बुक माझ्या नावावर. मेव्हण्याने शांतपणे एल्बो, रिड्यूसर आणि कपलर वेगवेगळे फेरफार धरायचे की एक असेंब्ली, असा तांत्रिक मुद्दा काढला. नवं मॉडेल मंजूर होण्याआधी गाडी शेजारून जाताना किती आवाज करते तेही मोजतात. पुण्यात 1966 पासून असलेली एआरएआय ही असली कामं करते. म्हणजे तो रिकामा डबा त्या परीक्षेच्या अभ्यासाचा भाग होता, आणि आम्ही तो माळ्यावर टाकला होता.

निकाल धुळीने लावला. आमच्याकडची धूळ साधी नाही. खोदलेले रस्ते, ट्रक, चाळलेली वाळू. फिल्टरच्या पुढच्या एखाद्या सांध्यात केसाएवढी फट राहिली की ती वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा घासून खाते. मेव्हण्याने पाईप उघडून आतून पांढरा कपडा फिरवला. कपडा मातकट झाला. त्याने तो उजेडात धरला, मान हलवली, स्वतःच्या हाताने पाईपवर लाल स्टिकर चिकटवला आणि तारीख टाकून सही केली. रिजेक्ट. नियम म्हणजे नियम. माळ्यावरचा डबा पाऊस यायच्या आत जागेवर गेला, आणि तो पाईप आता सोसायटीच्या गच्चीवरचं पाणी खाली आणतो. त्यात तो शोभतो.

एकूण निकाल असा: ताकद शून्य, आवाज भरपूर, मिक्सर बंद. तुम्हाला गाडीला खरोखर मोकळा श्वास द्यायचा असेल, तर कागदी एअर फिल्टर स्पेअरच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांपासून मिळतो. आमच्यासारख्या धुळीच्या भागात तो पुस्तिकेतल्या अंतराच्या आधीच बदलावा लागतो. जुना झटकून पुन्हा बसवू नका. नवा पाच मिनिटांत बसतो. आणि मेव्हण्याला जेवायला जरूर बोलवा, फक्त गाडीची चावी जेवण होईपर्यंत त्याच्या बहिणीकडे ठेवा.