गैरवापर

साहसाला हल्ली किंमत आली आहे, आणि ती एक्स-शोरूम सांगतात. जाहिरातीत एक दाढीवाला तरुण मोटारसायकलवरून नदी ओलांडतो, दोन्ही बाजूंना पाणी उडतं, मागे बर्फाचे डोंगर असतात आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की हे दृश्य तज्ज्ञांनी चित्रित केलं आहे, घरी करून पाहू नका. सल्ला रास्त आहे. पण औराद तालुक्यातल्या एखाद्याचं घरच ओढ्याच्या पलीकडे असेल तर त्याने काय करावं, याचा खुलासा अजून कुठल्याही कंपनीने केलेला नाही.

आमच्या सीमाभागात, म्हणजे बिदरच्या भालकी-औराद-बसवकल्याणात आणि कलबुर्गीच्या आळंदकडे, ऑफ-रोडिंग कुणी शनिवार-रविवार बघून करत नाही. ते रोज पहाटे पाचला सुरू होतं. गाडी स्प्लेंडर. ही गाडी १९९४ साली बाजारात आली, आणि ती काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा डबा घेऊन हापिसात जाणारा सभ्य माणूस असावा. आमच्याकडे तिच्या दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरचे दुधाचे कॅन लटकतात. नुसतं दूधच ऐंशी किलोच्या वर भरतं. कॅनचं वजन निराळं, त्यावर बसलेले दूधवाले काका निराळे, आणि परतीला दूध उतरवून झालं की सरकी पेंडीचं पोतं. खरिपात त्याच सीटवर युरिया येतो. सरकारने २०१८ मध्ये युरियाची गोणी पन्नासवरून पंचेचाळीस किलोची केली. शेतकऱ्यांनी बेताने खत टाकावं असा त्यामागचा हिशेब होता म्हणतात, पण मोटारसायकलच्या चासीच्या बाजूने एखाद्या सरकारने घेतलेला एवढाच निर्णय मला ठाऊक आहे.

तर काकांची चासी तुटली. एकदम नाही. चासी कधीच एकदम तुटत नाही, आपल्याला एकदम कळतं. आधी मागचा शॉकप जिथे नळीला धरलेला असतो तिथे रंगावर केसाएवढी रेघ उठते, त्या रेघेतून तपकिरी गंज ओघळतो, मालकाला तो चिखल वाटतो. मग गाडी वळणावर शेपूट हलवू लागते, मालकाला ते टायरमधली हवा वाटतं. मेस्त्रींना मात्र हे सगळं कळतं. भालकीच्या मेस्त्रींनी ती जागा पेट्रोलने धुतली, त्यावर रॉकेल चोळलं, जरा वेळ विडी ओढली, फडक्याने कोरडं पुसून काढलं आणि शाळेतल्या पांढऱ्या खडूने घासलं. मिनिटभरात त्या पांढऱ्यावर एक काळपट ओली रेघ उमटली. तड्यात शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन स्वतःच कबुली देतं. विमानांचे भाग तपासताना हीच युक्ती लाल रसायन आणि पांढरी पावडर वापरून करतात, आणि तिथे तिला यंत्रणा म्हणतात. मेस्त्रींकडे यंत्रणा नाही, खडू आहे.

‘काका, वजन हल्का करो, नै तो ये बी जाती,’ मेस्त्री म्हणाले.

‘ते म्हशीला सांग,’ काका म्हणाले.

या तड्याचं शास्त्र जुनं आहे. १८४२ साली व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, भीषण अपघात झाला, तेव्हा धडधाकट दिसणारं लोखंड मोडलं कसं हा प्रश्न युरोपात ऐरणीवर आला. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं की एका दणक्यात जे पोलाद वाकणारसुद्धा नाही, ते त्याहून हलके दणके लाखो वेळा बसले की मोडतं. धातूही थकतो. आणि थकतो तो जोडाच्या शेजारी. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथल्या पोलादाचा पोत बदललेला असतो, नळीचा आकारही तिथेच एकदम बदलतो, सगळा ताण त्या काठावर येऊन बसतो. म्हणून मानेपाशी, जिथे पुढच्या चाकाचा प्रत्येक धक्का पोचतो, शॉकपच्या कानापाशी, फूटरेस्टच्या बुडाशी, लेगगार्डच्या पट्टीशी तडे जातात. वेल्डिंग शाबूत राहतं, शेजार मोडतो.

सीमाभागातल्या माणसाला हे व्होलरने सांगायची गरज नव्हती. आमच्या कित्येक आडवाटांवर कर्नाटकचं डांबर सीमेच्या फलकाच्या अलीकडे थांबतं आणि महाराष्ट्राचं पलीकडे. मधल्या पाच-पन्नास पावलांचं पालकत्व कुणाकडेच नाही. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कर्नाटकातल्या ८६५ गावांच्या इंच इंच जमिनीसाठी लढण्याचा ठराव एकमताने केला, कर्नाटकाच्या विधिमंडळाने त्याआधीच एक इंचही न देण्याचा ठराव केला होता. जमिनीच्या इंचावर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. खड्ड्याचे इंच मात्र अजून बेवारस आहेत. आम्हाला घटनेच्या ३७१ (जे) कलमाचा खास दर्जा मिळाला, २०१९ मध्ये आमच्या हैदराबाद-कर्नाटकचं नाव कल्याण कर्नाटक झालं. नावातच कल्याण आल्यावर ते रस्त्यात शोधणं कृतघ्नपणाचं आहे.

असो, चासीकडे येऊ. काकांच्या पुतण्याची गाडी नवी, वॉरंटीत होती आणि तिलाही मानेजवळ रेघ आली होती. तो ती घेऊन सर्व्हिस सेंटरला गेला. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण संवाद सगळीकडे एकच असतो.

‘ऑफ-रोड चालवली का?’

‘नाही साहेब. घर ते डेअरी.’

‘रस्ता कसा आहे?’

‘म्हणजे, जातो आम्ही.’

यावर तिथल्या इसमाने संगणकात दोन शब्द टाइप केले, ज्यांचा मराठीत अर्थ ‘ग्राहकाकडून गैरवापर’ असा होतो. बहुतेक वॉरंटी-पुस्तिकांत जादा वजन, शर्यत आणि असल्याच कारणांनी झालेली मोडतोड वगळलेली असते, बाहेर वेल्डिंग केलंत तर राहिलेला हक्कही जातो. जाहिरातीत नदी आणि पुस्तिकेत नदीबंदी. पुतण्या विमेवाल्याकडे गेला. विमा अपघाताचा असतो, झिजेचा नसतो. चासी रस्त्यावर तुटून माणूस पडला असता तर विचार करता आला असता, असं त्याला अत्यंत सहानुभूतीने सांगण्यात आलं. राहिला आरटीओ. गाडीचा चासी नंबर नेमका मानेवर कोरलेला, आणि रेघ त्याच्याच दिशेने चाललेली. चासी बदलायची तर परवानगी, नोंदणी-पुस्तकात बदल, जुन्या नंबरचा हिशेब. न बदलता रेघ नंबराच्या मधून गेली तर कुठला अर्धा भाग कर्नाटकात नोंदलेला आहे, असाही प्रश्न उद्या निघू शकतो. आमच्याकडे अर्ध्या-अर्ध्या गोष्टींचे दावे पन्नास-साठ वर्षं सहज चालतात.

उन्हाळ्यात कलबुर्गीकडच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शास्त्रज्ञ त्याला जमिनीचा गुणधर्म म्हणतात. चासीला भेग पडली की तो मालकाचा गुणधर्म होतो. बिदरला महमूद गवानचा १४७२ चा मदरसा आहे. बंदुकीच्या दारूच्या स्फोटात त्याची दर्शनी बाजू निम्मी उडाली, तरी तो उभा आहे, आणि पुरातत्त्व खात्याने त्याला संरक्षित स्मारक केलं आहे. काकांची गाडी जवळपास त्याच अवस्थेत उभी आहे. पण पंधरा वर्षं झाली म्हणून तिच्याकडे फिटनेस मागतात.

मोठ्या लोकांच्या गाड्या मोडत नाहीत असं मात्र कुणी समजू नये. २०१७ मध्ये बीएमडब्ल्यूला आपल्या आर १२०० जीएसच्या पुढच्या फोर्कच्या नळ्या तपासायला जगभरातल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. त्याला मोहीम म्हणाले, पत्रं पाठवली. त्यांच्या मालकांना गैरवापर केलात का, असं पहिल्या वाक्यात कुणी विचारलं नसावं. डाकार रॅलीत तर बहुतेक संध्याकाळी मेकॅनिकांचं पथक गाडी उघडून बसतं, नळ्या-जोड तपासतं, सकाळी स्वार पुन्हा वाळूत. डाकार दोन आठवड्यांत आटोपते. औरादची रॅली बारमाही आहे, आणि पथकात फक्त भालकीचे मेस्त्री.

मेस्त्रींनी काकांच्या गाडीचं काम केलं ते मी पाहिलं. तड्याच्या अगदी टोकाला त्यांनी बारीक ड्रिलने भोक पाडलं. टोकदार तडा गोल भोकात येऊन अडकतो, पुढे धावत नाही. मग तडा घासून व्ही-आकार केला, वेल्डिंग भरलं आणि वरून जाड पत्र्याची तिकोनी ठिगळं दोन्ही बाजूंनी मारली. इथे एक गोम आहे, ती त्यांनीच सांगितली. ठिगळ फार जाड मारलं की ती जागा अवघडून जाते, लवत नाही आणि ताण पुढच्या जोडावर ढकलते. म्हणजे दुरुस्ती चांगली झाली तर पुढचा तडा चाक धरणाऱ्या चिमट्याला जाणार. बिदरच्या बिदरीकामाला भौगोलिक मानांकन आहे, कलबुर्गीच्या तूरडाळीला आहे. या ठिगळाला अजून नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर हैदराबादहून पाच-सहा जणांचा एक जथा आला. उंच गाड्या, गुडघ्यांना कवचं, टोपांवर कॅमेरे. त्यांना ‘खरी वाट’ हवी होती. चहावाल्याने काकांकडे बोट दाखवलं. काकांनी चेहरा न हलवता सांगितलं, वाट दाखवतो, रोजचीच आहे, पण माझी गाडी मेस्त्रीकडे आहे, तेव्हा कॅन तुमच्या गाड्यांवर. पाहुणे खूश झाले. एकाने मागची अॅल्युमिनियमची पेटी उघडून दाखवली, आकार अभिमानाने सांगितला: ३८ लिटर.

काकांनी कॅनकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि विचारलं, ‘वरचं दोन लिटर कोण पिणार?’