दुखापतबाईंस अनावृत पत्र

प्रति,
दुखापतबाई,
मु. पो. गुडघा (डावा), व्हाया मांडीमागचा स्नायू

स. न. वि. वि.

पत्र नवघरहून लिहितोय, भाईंदर पूर्व. सरकारदरबारी आम्ही ठाणे जिल्ह्यातले. मुंबई दहिसरच्या नाक्यावर संपते हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. तरीही मुंबई सिटी एफसी हरली की आमचं जेवण जात नाही. खऱ्या मुंबईकरापेक्षा आमचं दुःख अंमळ जास्तच, कारण आम्हाला ते लांबवर वाहून न्यावं लागतं. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलातला साडेसातचा सामना संपवून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ. आझाद नगरहून मेट्रोचं एक स्टेशन, आणि मग अंधेरीच्या फलाटावर भाईंदर स्लोची वाट. विरार फास्ट समोरून जाते, पण तिच्यात शिरलेल्या माणसाला भाईंदरला उतरू देतील याची हमी रेल्वेसुद्धा देत नाही. म्हणून स्लो. त्या प्रवासात मी आणि माझा भाचा संघाचा ताळेबंद मांडतो. कोण गेलं, कोण आलं, बाकावर कोण बसलं होतं आणि का बसलं होतं.

या ताळेबंदात गेली काही वर्षं तुमचं नाव वारंवार येतं. म्हणून म्हटलं, एकदा समोरासमोर बोलून घ्यावं.

तशी आपली ओळख जुनी. २०१४ साली इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली, क्लबही नवाकोरा, आणि मुंबईने आणला कोण, तर आर्सेनलचा फ्रेडी लुंगबर्ग! नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याला बघायला आम्ही भाईंदरहून दोन गाड्या बदलून गेलो. बघितलं काय, तर त्याचा ट्रॅकसूट. तुम्ही त्याला सोडलंच नाही. अख्ख्या मोसमात तो जेमतेम चार सामने खेळला, गोल शून्य, आणि आठ संघांत मुंबई सातवी. पहिल्याच भेटीत एवढी सलगी, बाई?

दुसरी भेट तर अक्षम्य. २०२३च्या आशियाई चॅम्पियन्स लीगच्या सोडतीत मुंबईच्या गटात सौदीचा अल हिलाल आला. अल हिलाल म्हणजे नेमार. नेमार नवी मुंबईत! माझ्या भाच्याने त्या दिवसापासून केस तसे कापून घेतले. नवी मुंबईतला सामना ६ नोव्हेंबरला होता. तुम्हाला मात्र तेवढाही धीर धरवला नाही. १७ ऑक्टोबरला, मोंटेव्हिडिओत, ब्राझील-उरुग्वे सामन्यात तुम्ही त्याचा डावा गुडघा गाठलात. अल हिलाल आला, नेमारशिवाय आला, आणि नेमारशिवायच आम्हाला दोन शून्यने हरवून गेला. भाच्याचे केस वाढायला दोन महिने लागले.

म्हणजे तुमच्या कर्तबगारीबद्दल आमच्या मनात शंका नाही. गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जाणारे दोन बंध असतात. त्यातला पुढचा तुमचा विशेष आवडता. पुष्कळदा त्याला तोडायला तुम्हाला प्रतिस्पर्ध्याचा धक्काही लागत नाही. माणूस पळत येतो, थांबतो, पाय गवतात रुततो, वरचं अंग वळतं आणि खालचं वळत नाही. संपलं. मग शस्त्रक्रिया, आणि मैदानावर परतायला आठ-नऊ महिने, कधी त्याहून जास्त. आकाश मिश्रासारख्या डाव्या बगलेवर धावणाऱ्या पोराला तुम्ही २०२४ मध्ये असंच बसवलंत आणि पुढच्या मोसमाची सुरुवात त्याला बाहेरून बघावी लागली.

मलाही तुम्ही ओळखत असालच. बेचाळिसाव्या वर्षी भाच्याच्या पोरकट आव्हानाला बळी पडून टर्फवर उतरलो होतो. सातव्या मिनिटाला आपली गाठ पडली. डॉक्टर म्हणाले, जिने टाळा. राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तीन आठवडे खाली उतरलो नाही, भाजीची पिशवी दोरीने वर ओढली. तेव्हा तुमच्याविषयी जे बोलतो ते अनुभवाने बोलतो. राग आहे, पण खोटा आरोप करणार नाही.

आणि नेमकी तिथेच अडचण आहे.

२०२४-२५चा मोसम घ्या. २४ सामन्यांत ३६ गुण, सहावा क्रमांक. नऊ विजय, नऊ बरोबऱ्या, सहा पराभव. केलेले गोल २९, खाल्लेले २८. अख्ख्या मोसमाची शिल्लक एक गोल, म्हणजे वाणसामानाच्या हिशेबात राहणाऱ्या सुट्ट्या पैशाएवढी. २०२२-२३ मध्ये याच क्लबने २० सामन्यांत ५४ गोल केले होते, हे आठवलं की भाचा खिडकीबाहेर बघायला लागतो. ३० डिसेंबरला घरच्या मैदानावर नॉर्थईस्ट युनायटेडने तीन गोलांनी मारलं तेव्हा आमच्या स्टँडात, चहाच्या टपरीवर आणि परतीच्या डब्यात एकच नाव होतं. तुमचं. काय करणार हो, दुखापतींनी संघ पोखरला. काय करणार हो, नशीबच फुटकं.

मीही मान डोलावली. मग बोरिवली ते मिरा रोडच्या दरम्यान भाच्याने तिकिटाच्या मागे संघातून कमी झालेल्यांची यादी लिहायला घेतली, आणि घोटाळा झाला.

त्याने पहिलं नाव लिहिलं राहुल भेके. आपला मुंबईचा मराठी पोरगा, कर्णधार. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाधमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाविरुद्ध विजयी गोल याच्याच डोक्याने झाला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा मुंबई हा पहिला भारतीय क्लब ठरला. मे २०२४ मध्ये आयएसएलचा करंडक त्यानेच उचलला. त्याच उन्हाळ्यात तो बंगळुरूला गेला. दुसरं नाव अल्बेर्तो नोगुएरा, मधल्या फळीतला. बंगळुरू. तिसरं होर्हे पेरेरा डियाझ, आघाडीचा. बंगळुरू. चौथं अपुइया, मधल्या फळीचं इंजिन. तो मोहन बागानला. बचाव, मधली फळी, आघाडी, अशा तिन्ही मजल्यांवरची माणसं एकाच सुट्टीत बिऱ्हाड आवरून निघाली. आमच्या गावाचं नाव नवघर, पण नवं घर शोधलं ते त्यांनी.

"मामा, यांतल्या कुणाचा गुडघा गेला होता?" भाचा म्हणाला.

एकाचाही नाही. सगळे धडधाकट. दोन पायांवर चालत गेले, विमानाने गेले.

दुखापतबाई, खरं सांगा, त्या वेळी तुम्ही कुठे होतात? सुट्टीवरच ना? म्हणजे संघाला सगळ्यांत मोठा फटका बसला त्या दोन महिन्यांत तुम्ही कामावरच नव्हता. आणि हजेरीपटावर सही मात्र तुमची!

कुणी म्हणेल, गेलेल्यांच्या जागी आणले की. आणले, नाही कसे. निकोस कारेलिस आला, गोव्याहून ब्रँडन फर्नांडिस आला. कारेलिसने गोल केले, त्याला नावं ठेवणाऱ्याच्या जिभेला हाड नाही. मोसमाचा पहिला सामना आठवा, १३ सप्टेंबर, कोलकाता. मोहन बागानविरुद्ध दोन गोलांनी मागे पडून आम्ही २-२ केलं. त्यात आमच्या तिरीने आधी स्वतःच्याच जाळ्यात चेंडू घातला आणि मग स्वतःच समोरच्यांच्या जाळ्यात घालून फेडही केली. नवव्या दशकातल्या हिंदी सिनेमालाही एवढं प्रायश्चित्त जमलं नसतं. तेव्हा अकरा जणांचा संघ वाईट होता असं मी म्हणत नाही. माझी तक्रार बाराव्यापासून पुढे सुरू होते.

कारण संघाची खरी किंमत बाकावर कळते. नियम असा, की परदेशी खेळाडू सहा नोंदवायचे आणि मैदानात चार उतरवायचे. दोघांना तुम्ही भेटलात की निवड संपली, उरले ते खेळणार. मग भारतीय राखीव किती पाण्यात आहेत, यावर सगळं येऊन ठेपतं. बदली पाच करता येतात. उतरवण्याजोगे पाच आहेत का, हे उन्हाळ्यात करार करतानाच बघायचं असतं. डिसेंबरात बघितलं तर तुमच्या नावाने शंख करण्यापलीकडे काही हाती उरत नाही.

आणि ही अशक्य गोष्ट नाही, बाई, आदल्याच वर्षी याच क्लबने करून दाखवली होती. २०२३-२४ मध्ये प्रशिक्षक डेस बकिंगहॅम मोसमाच्या मध्यातच इंग्लंडला निघून गेले. ग्रेग स्टुअर्टही जानेवारीत गेला. आकाश मिश्राला तुम्ही नेलंत. एवढं होऊन साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारी शिल्ड एका गुणाने हुकली, आणि उपांत्य फेरीत, फातोर्ड्यात, गोव्याविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२ असलेला सामना ३-२ झाला. त्या रात्री आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना वाटलं घरात साप निघाला. अंतिम सामन्यात सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवलं, आणि तिसरा गोल कुणाचा? याकुब वोयतुशचा. बदली म्हणून उतरलेला माणूस. बाकावरून उठून आलेला! तुम्ही तेव्हाही होतातच. फक्त तुम्हाला कुणी विचारत नव्हतं.

आता शेवटचा प्रसंग सांगतो, मग तुम्ही मोकळ्या. ११ मार्च २०२५. बंगळुरूच्या कांतीरवा मैदानावर मुंबईने बंगळुरूला दोन शून्यने हरवलं, गोल आमच्या छांगटेचा आणि कारेलिसचा, आणि बाद फेरीत जागा मिळवली. भाच्याने पेढे आणले. पुढे अठरा दिवसांनी, २९ मार्चला, त्याच मैदानावर, त्याच संघाविरुद्ध बाद फेरीचा सामना. ०-५. नवव्या मिनिटाला सुरुवात झाली आणि पुढे थांबायचं नावच नाही. चाळिशी पार केलेला सुनील छेत्रीसुद्धा बदलीला उतरून गोल करून गेला. चाळीस वर्षांचा माणूस, ज्याला बघून तुमच्या तोंडाला पाणी सुटायला हवं होतं. त्याला कशा विसरलात? पेढ्यांचा रिकामा खोका अजून आमच्या कपाटावर आहे, त्यात भाचा जुनी तिकिटं ठेवतो.

मेहताब सिंग, बिपिन सिंग हेही २०२५ मध्ये कोलकात्याची वाट धरून गेले. त्या वर्षी ११ जुलैला तर अख्खी लीगच स्थगित झाली, महासंघ आणि लीगचालक यांचा करार डिसेंबरात संपणार आणि पुढचं ठरत नाही म्हणून. डिसेंबरअखेर मँचेस्टरवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईतून अंग काढून घेतलं. २०१९ पासून ६५ टक्के मालकी त्यांची होती. लीग सुरू व्हायला २०२६चा फेब्रुवारी उजाडला. त्या सात महिन्यांत देशातल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंचे गुडघे ठणठणीत होते. खेळायला लीगचा सामनाच नव्हता. इतक्या मोठ्या प्रमाणावर खेळाडूंना मैदानाबाहेर बसवणं तुम्हाला, एवढ्या अनुभवी असूनही, कधी जमलं नव्हतं. अपमान वाटला असेल ना?

म्हणून हे पत्र. तुम्हाला गुन्हेगार म्हणून बोलावलं होतं. नवघरच्या चौथ्या मजल्यावरच्या न्यायालयात तुमच्यावरचे मोजके आरोप सिद्ध झाले. लुंगबर्गचा, नेमारचा, मिश्राचा आणि माझा. यांची शिक्षा तुम्हाला भोगावी लागेल, आणि माझ्या गुडघ्याच्या तपासणीचा खर्चही मी तुमच्याच नावे लिहून ठेवला आहे. बाकीच्या प्रकरणांत तुमचं नाव वापरलं गेलं, तुम्ही तिथे नव्हता. ती नावं वगळायला भाच्याला सांगितलं आहे.

एक विनंती मात्र आहे. पुढच्या उन्हाळ्यात, करार संपत येतील तेव्हा, एखाद्या बैठकीत डोकावून जा. कुणाच्या पायाला हात लावू नका, फक्त कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसा. तुम्ही येणार आहात हे ज्यांना उन्हाळ्यात आठवतं, ते बारावा, तेरावा, चौदावा खेळाडू नीट निवडतात.

आपला,
नवघरचा एक प्रेक्षक
(डावा गुडघा, जिने हळू)

ता. क. : २९ मार्चच्या त्या सामन्यातला पाचवा गोल ८३व्या मिनिटाला झाला. मारणारा होर्हे पेरेरा डियाझ होता. तब्येत उत्तम.