नवतप्यात काचेचं छप्पर

गाडीचं भविष्य काय, असं हल्ली कोणत्याही शोरूममध्ये विचारा. विकणारा पोरगा बोट वर करतो. देवाकडे नव्हे, छपराकडे. पॅनोरमिक सनरूफ! पुढच्या काचेपासून मागच्या सीटपर्यंत नुसती काच.

राजेहो, हे अकोल्यात विकायचं म्हणजे छातीच पाहिजे. मे 2024 मध्ये पारा पंचेचाळिसापार गेला, तेव्हा याच जिल्ह्यात उन्हापायी कलम 144 लागू झालं होतं. दंगल नाही, मोर्चा नाही. आरोपी एकच, सूर्य. त्यालाच आत घ्यायला आपण वरचे पैसे मोजून छपराला भोक पाडून घेतो.

ज्या देशांत चार दिवस ऊन पडलं की लोक बागेत लोळतात, तिथली ही हौस. आपल्या आज्यांनी हातभर जाडीच्या मातीच्या भिंती उभारल्या, वर मातीचंच धाबं घातलं, ते काही अमरावतीत काच मिळत नव्हती म्हणून नव्हे. उन्हात बंद उभ्या गाडीत तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश सहज चढतात. अमरावतीच्या राजकमल चौकात लुगडं घेऊन परत या आणि स्टिअरिंगला हात लावा. दुपट्ट्याशिवाय गाडी हलत नाही. कंपनी म्हणते, काच गडद आहे, आत पडदाही दिलाय. म्हणजे आधी काचेचे पैसे द्या, मग ती वर्षातले आठ महिने झाकून ठेवा. 15 जुलै 2025 ला टेस्लानं मुंबईत बीकेसीला पहिलं दुकान थाटलं. तिथल्या, तेव्हा साठेक लाखांच्या, मॉडेल वायचं छप्पर काचेचंच, सरकता पडदा मात्र नाही. इतक्या पैशांत इकडे सावलीसकट बंगला येतो.

बाजूच्या काचांची तऱ्हा आणखी न्यारी. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काळ्या फिल्मवर बंदी आणली, म्हणून वऱ्हाडातली अर्धी कुटुंबं खिडकीत टॉवेल अडकवून लग्नाला जातात. डोक्यावर भविष्य, बाजूला टॉवेल.

विजेच्या गाडीत तर एसी आणि चाकं एकाच बॅटरीवर जगतात. छपरातून ऊन आत घ्यायचं, ते हटवायला एसी पळवायचा आणि मूर्तिजापूर यायच्या आत उरलेले किलोमीटर मोजत बसायचं. वर बॅटरीलाही ऊन सोसत नाही. फार तापली की तिला जपण्यासाठी चार्जिंगचा वेग आपोआप उतरतो. विजेची गाडी वाईट नव्हे, मला तर आवडते. पण तिच्यावर काच कायले?

तोच पोरगा मग स्क्रीनचे इंच सांगतो. एसी वाढवायचा तर स्क्रीन, पंखा वळवायचा तर स्क्रीन. पूर्वी हे न पाहता बोटानं होत असे. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या यूरो एनकॅपनं जानेवारी 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा कामांना स्वतंत्र बटण नसेल तर गुण कापायचं ठरवलंय. ते बटणांकडे परतले, आपण इंच मोजतोय.

राहिली स्वतः लेन धरून चालणारी गाडी. रस्त्याचं म्हणाल तर आपण गिनीजवाले: जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर एका लेनचं 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं. गाडीचा कॅमेरा त्यावरचे पांढरे पट्टे वाचेलही. पण समोरून त्याच लेनमध्ये राँग साइड येणारा कुटाराचा ट्रॅक्टर कोणत्या नियमात बसवणार? 2023 च्या डिसेंबरात नितीन गडकरी म्हणाले, ड्रायव्हरच्या नोकऱ्या जातात म्हणून विनाचालक गाडी भारतात येऊ देणार नाही. नोकऱ्या वाचल्या. संगणकाची अब्रूही वाचली.

वऱ्हाडाला हवी ती भविष्यातली गाडी साधी आहे: पांढरा रंग, पत्र्याखाली जाड अस्तर असलेलं छप्पर, मागच्या सीटलाही एसीचा झोत, थंड हवा सोडणारी सीट आणि बोटाला सापडणारी बटणं. यातलं सगळं आजच बनतं. फक्त गार सीट हवी असेल तर ती बहुधा सनरूफवाल्याच महागड्या मॉडेलात गुंफलेली असते, कारण आपण सनरूफ मागतो आणि सीट मागत नाही.

तेव्हा यंदा गाडी घ्यायची असेल तर दिवाळीच्या ऑफरला भुलू नका. टेस्ट ड्राइव्ह नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ रखरखीत दिवसांत मागा, दुपारी दोन वाजता, आणि गाडी आधी तासभर उन्हात उभी करायला लावा.