दशपर्णी नाना

आमच्या सोसायटीतल्या नानांना झाडांची आवड आहे, असा बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. नानांना आवड आहे किडीची. किडीला बसायला काहीतरी लागतं म्हणून ते झाडं ठेवतात.

नवीन गुलाब आणून पंधरवडा उलटला आणि तरी त्यावर मावा आला नाही, तर नाना अस्वस्थ होतात. रोपवाटिकेवाल्याने फसवलं असं त्यांना वाटू लागतं. मग एके दिवशी कोवळ्या शेंड्यावर हिरवे ठिपके दिसतात आणि नानांचा चेहरा उजळतो. "आली हं मंडळी!" असं ते ग्यालरीतून ओरडून सांगतात. पहिल्या वेळी काकूंनी चहाचं आधण ठेवलं होतं.

असे नाना गावोगाव आहेत. ठाण्यात ते गच्चीवर सापडतात, कोल्हापुरात परसात आणि पुण्यात सोसायटीच्या सामायिक जागेत. सामायिक जागा म्हटली की वाद आला आणि वाद आला की नोटीस बोर्ड आला, त्यामुळे या जातीची वाढ पुण्यात विशेष चांगली होते. आमचे नाना खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. पण नोकरी सगळी भांडार विभागात, त्यामुळे माल तयार ठेवायचा, चिठ्ठी चिकटवायची, वहीत नोंद करायची आणि तो वापरायची वेळ येऊ द्यायची नाही, ही शिस्त अंगात मुरलेली. त्यांच्या ग्यालरीत कुंड्यांपेक्षा बाटल्या जास्त आहेत. प्रत्येकीवर तारीख आणि क्रमांक. 'आंबट ताक, भुरीसाठी.' 'लसूण-मिरची, तीव्र.' 'लसूण-मिरची, अतितीव्र, मुलांपासून दूर.'

सगळ्यात मानाची बाटली निंबोळी अर्काची. कडुनिंबाचा विषय निघाला की नाना आधी म्युनिकला जातात. कडुनिंबाच्या तेलावरून एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या शेती खात्याला 1994 साली युरोपात पेटंट मिळालं होतं. ते 2000 साली म्युनिकमध्ये रद्द झालं आणि 2005 मध्ये त्यावरचं अपीलही फेटाळलं गेलं. हे सगळं नाना असं सांगतात, की जणू शेवटच्या सुनावणीला भारताच्या बाजूने तेच उभे होते. म्युनिकहून परत आले की कृती सुरू. 5 किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, साबणाचं पाणी घालून सगळं 100 लिटर करायचं.

इथपर्यंत नानांना तोड नाही. पुढची गोष्ट ते जरा घाईने सांगतात. हा अर्क त्याच दिवशी, ऊन कलल्यावर फवारायचा असतो, कारण त्यातल्या अझाडिरॅक्टिनला उन्हाचं वावडं आहे. शिवाय तो किडीला जागच्या जागी मारत नाही. तिची भूक घालवतो, तिच्या कात टाकण्यात खोडा घालतो. म्हणजे थांबायचं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारायचं आणि मुख्य म्हणजे पान उलटं करून फवारायचं, कारण मावा, पांढरी माशी, लाल कोळी हे सगळे पानाच्या मागच्या बाजूला बिऱ्हाड करतात. पण अर्क तयार झाला, बाटलीत भरला आणि वहीत चढला, की नानांच्या लेखी कीड मेली. पान उलटं करणं त्यांच्या खात्यात येत नाही.

दशपर्णी अर्काचं प्रकरण मात्र सबंध इमारतीला भोवलं. शेतीच्या पुस्तकात कृती असते 200 लिटर पाण्याची, एक एकरासाठी. नानांकडे अकरा कुंड्या. त्यांनी त्रैराशिक मांडलं. 2 लिटर पाणी, 50 ग्रॅम कडुनिंबाचा पाला, बाकीची पानं वीस-वीस ग्रॅम, शेण 30 ग्रॅम आणि लसूण अडीच ग्रॅम, म्हणजे एक पाकळी, तीही लहान. पण 30 ग्रॅम शेण मागायला गेल्यावर गोठेवाला इतका हसला, की नाना चिडून घमेलंभर शेण घेऊन आले. शेण वाढलं म्हणून पाणी वाढलं, पाणी वाढलं म्हणून पाला वाढला, आणि पिंप जिन्याखाली आलं.

पाला जमवणं हा एक स्वतंत्र उद्योग. निर्गुडी आणि घाणेरी टेकडीवरून, एरंड नाल्याकाठचा, करंज रस्त्यावरचा, पपई आणि सीताफळ तळमजल्यावाल्यांच्या परवानगीने किंवा परवानगीशिवाय. रुई मिळेना, तेव्हा नानांनी शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेरून रुईच्या पानांची माळ विकत घेतली आणि देवळात न जाता थेट घरी आणली. माळवाल्या बाईंनी त्यांच्याकडे जे पाहिलं, ते नाना अजून विसरलेले नाहीत.

मग तीस दिवस आंबवणं. रोज दोन वेळा काठीने ढवळायचं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलट्या दिशेने ढवळलं तर काय होतं, असं एका पोराने विचारलं. "आमच्या वेळी असले प्रश्न विचारत नव्हते," एवढंच उत्तर मिळालं. त्याच महिन्यात नात्यात नाशिकला लग्न होतं. काकू एकट्या गेल्या. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गॅस गळतोय म्हणून तक्रार नोंदवली. माणसं आली, यंत्र घेऊन मजला मजला हुंगत उतरली आणि जिन्याखाली येऊन थबकली. त्यांच्यातला मोठा म्हणाला, "हे आमचं नाही." नानांनी त्याला दोन थेंब रुमालावर देऊ केले.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही नानांची श्रद्धा. दशपर्णीत कण्हेर पडते आणि कण्हेर चांगलीच विषारी असते, हे कानावर घातलं तर ते म्हणतात, "पण नैसर्गिक विष ना?" तंबाखूच्या काढ्याचंही तेच. ज्या वॉचमनला त्यांनी वर्षानुवर्षं तंबाखू सोडण्याचं व्याख्यान दिलं, त्याच्याच पुढे जाऊन त्यांनी पुडी मागितली. वॉचमनने चुना मळून दिला. त्या काढ्यातलं निकोटीन मावा मारतं हे खरं, पण मावा खाणारे ढालकिडेही मारतं, मधमाश्याही मारतं, आणि फवारणाऱ्याच्या कातडीतून आत शिरायलाही मागेपुढे पाहत नाही. टोमॅटोवर तर तंबाखूतून मोझॅकचा विषाणू जाऊ शकतो. नानांच्या टोमॅटोची पानं आकसून चितकबरी झाली, तेव्हा आता यावर काय करता येईल या विचाराने त्यांना दोन रात्री आनंदाने झोप लागली नाही.

आता एक न्यायाची गोष्ट. फाटकाजवळच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण होता. नानांनी, बहुधा आयुष्यात प्रथमच, तयार माल प्रत्यक्ष वापरला. सगळी जास्वंद दशपर्णीने न्हाऊ घातली. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो, तो तसाच ढिम्म बसून राहिला. पण दुसऱ्या दिवशीपासून पहाटे आकडी आणि पिशवी घेऊन येणारे फुलचोर बंद झाले. नानांनी लगेच फ्रान्सचा दाखला दिला. बोर्डो भागातले शेतकरी वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलींवर केवडा नाही, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि त्यातून 1885 मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे आलं. तिथे चोरासाठी केलेलं औषध रोगाला लागू पडलं, इथे रोगासाठी केलेलं चोराला. नानांच्या मते शोध तोच, फक्त दिशा वेगळी.

चौथ्या दिवशी शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ रीतसर तक्रार घेऊन आले. "अहो, आम्ही ही फुलं देवाला वाहतो. गोमूत्राचं आमचं काही म्हणणं नाही. पण लसूण?"

नानांना खऱ्या अर्थाने हरवलं ते एका अळीने. लिंबाच्या कुंडीत फुलपाखराची अळी होती. लहान असताना ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून नानांनी तिला सोडून दिलं. मोठी झाल्यावर हिरवीगार झाली, म्हणून ती दिसली नाही. दिसली तेव्हा निम्मं झाड फस्त झालं होतं. नाना बाटली घेऊन वाकले. अळीने डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढलं आणि असा काही घाण वास सोडला, की नाना बाटली खाली ठेवून पुन्हा वाकले. बराच वेळ हुंगत राहिले. मग अत्यंत आदराने मला म्हणाले, "काय काय घालत असेल हो ही यात?"

जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं. नाना दर वर्षी जातात, फुलं बघायला नव्हे. ते भिंग घेऊन बक्षीसपात्र कुंड्यांच्या पानांमागे शोध घेतात. यंदा एका थोराड गुलाबापुढे ते अडून बसले. पान उलटं करून पाहिलं (प्रदर्शनात त्यांना पान उलटं करता येतं), काही सापडेना. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या माळ्याला त्यांनी खाजगी आवाजात विचारलं, "काय मारता?"

"काय नाय. पाणी."

"पाण्यात काय?"

"पाण्यात काय असतंय? नळी लावायची, बोट धरायचं, पानाखालून जोरात फवारा मारायचा. मावा पडतो. पडला की परत चढता येत नाय त्याला."

परतीच्या रिक्षात नाना एक शब्द बोलले नाहीत. माव्याची पहिली दवा पाण्याचा फवारा हीच, हे त्यांनी वाचलेलं नसेल असं नाही. पण जिथे भिजत घालायचं नाही, आंबवायचं नाही, गाळायचं नाही, तिथे माणसाने सकाळ-संध्याकाळ करायचं काय? आठवडाभर ते खाली उतरले नाहीत. पिंप कोणी ढवळेना. वॉचमनसुद्धा हळहळला.

आठव्या दिवशी नोटीस बोर्डावर नवा कागद लागला. 'जलार्क. माव्यावर रामबाण. नळाचे पाणी मातीच्या माठात सात दिवस झाकून ठेवावे. रोज दोन वेळा ढवळावे. आठव्या दिवशी दुहेरी फडक्यातून तीनदा गाळून, समप्रमाणात पाणी मिसळून फवारावे. तयार अर्क माझ्याकडे मिळेल. बाटली आपली आणावी.'