काटकसर : कुटुंबप्रमुखांसाठी मार्गदर्शक सूचना (फक्त अमरावती व अकोला जिल्ह्यांकरिता)

सदर सूचना पगारदार, पेन्शनर आणि 'आपलं वावर आहे ना' एवढ्या भांडवलावर किराणा उधार आणणाऱ्या सर्व कुटुंबांना लागू आहेत. त्या लिहाव्या लागल्या, कारण काटकसर हा वऱ्हाडाचा मूळ स्वभाव नाही. ज्या मुलखाला 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणत, तिथे पाहुण्याला अर्धा कप चहा देणं अजूनही फौजदारी गुन्ह्यात मोडतं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव पडला. हात सैल झाला होता तो तसाच राहिला.

मूलभूत सिद्धांत एकच आहे, तो पाठ करावा. खर्च नाहीसा होत नाही, तो घर बदलतो. कुटुंबप्रमुखाचं कौशल्य एवढंच, की तो नवं घर शोधत फिरत असताना आपलं दार लावलेलं असावं.

काटकसरीचं आर्थिक वर्षही 1 एप्रिललाच सुरू होतं, कारण त्या सुमारास कूलर माळ्यावरून खाली येतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे सरकला की घरात दोन पक्ष पडतात, एसीचा आणि कूलरचा. दीड टनी एसी तासाला साधारण दीड युनिट खातो. कूलर पंपासकट रात्रभरात दोनेक युनिटांत भागवतो. इथली हवा कोरडी असल्यामुळे ओल्या ताटीतून आलेला वारा खरोखर गार होतो. मुंबईहून आलेल्या जावयाला हे पटत नाही. त्याच्याशी वाद न घालता त्याला ताटीसमोर झोपवावं. मात्र गारवा बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून घेणारी घरं आहेत, त्यांनी हे वाचावं : कूलरची हवा बाहेर पडायला फट लागते, नाहीतर दमटपणा साठतो आणि पहाटे चादर अंगाला चिकटते. फट जरूर ठेवावी, फक्त शेजाऱ्याच्या खिडकीकडे ठेवू नये. ती हवा आपल्या युनिटांची आहे.

ताट्यांचा खर्च टळत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे, आणि तिथल्या बोअरचं पाणी टाकीत भरलं की ताटीवर पांढरा थर चढतो. हे मीठ वरणात वापरता येत नाही. अनेकांच्या मनात विचार येऊन गेला असणार, म्हणून लिहिलं.

दुपारी बारा ते चार घरी थांबूच नये. बँकेत एसी असतो. पासबुक भरायला जावं, टोकन घ्यावं, आपला नंबर पुकारला की मागच्या माणसाला 'तुमी जा पुढे, मले घाई नाई' म्हणावं. यालाच नागरी सौजन्य म्हणतात. एका टोकनात चार वाजतात.

वीजबिलाबाबत एक गोपनीय सूचना. महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिटं स्वस्त आणि 101 ते 300 मधली जवळजवळ दुप्पट दराची. घरोघरी समजूत अशी, की 101 वं युनिट पडलं की अख्खं बिल दुप्पट होतं. तसं होत नाही. चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, आधीची शंभर आपल्या दरातच राहतात. ही माहिती कुटुंबप्रमुखाने स्वतःपाशी ठेवावी. पोरांना 101 या आकड्याची धास्ती असलेली बरी. जुना पंखा 75 वॅटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज बारा तास चालला तर पंख्यामागे महिन्याला 16 युनिटं वाचतात, पण नवा पंखा विकत घ्यावा लागतो. त्यामुळे ही बचत बहुतेक घरांत कागदावरच सुखरूप आहे. छापील बिल नको, ईमेलवर पाठवा असं कळवल्यास बिलामागे 10 रुपये सूट मिळत आली आहे. मग पोरगा चौकात जाऊन 10 रुपये देऊन त्याच बिलाची प्रिंट काढून आणतो, कारण आबाजींना कागद हातात लागतो.

आबाजींचा विषय निघालाच आहे, तर तो सविस्तर घेऊ. घरात पंचाहत्तरी पूर्ण केलेला माणूस असणं यासारखी दुसरी गुंतवणूक नाही. ऑगस्ट 2022 पासून अशा माणसाला राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे. 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट, आणि मार्च 2023 पासून सगळ्या बायकांनाही अर्धं. लहान पोरांचं आधीपासूनच अर्धं. पूर्ण तिकीट पडतं ते एकट्या कर्त्या पुरुषाला, आणि लग्नकार्यात तो तसाही कोणाच्या कामाचा नसतो. त्याने घरी थांबून गॅसची टाकी किती उरली ते बघावं. (टाकी ओल्या फडक्याने पुसावी. गॅस असलेला भाग उशिरा वाळतो, तिथे खडूने रेघ ओढावी. रेघ रोज खाली जाताना पाहणं हा कर्त्या पुरुषाचा छंद होऊ शकतो.)

तर आबाजींचं वेळापत्रक भिंतीवर लावावं. सोमवारी दर्यापूरला पापड पोहोचवणे, येताना तूर आणणे. बुधवारी वरुडच्या सोयऱ्यांकडे संत्र्यांच्या बहारात सहज चक्कर टाकणे, थैली सोबत नेणे. शुक्रवारी अकोल्याला पुतणीची तब्येत विचारणे. अमरावती-अकोला रस्त्याला तर नावंच ठेवता येत नाहीत. जून 2022 मध्ये या रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर सलग टाकलं गेलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. 75 किलोमीटरचा रस्ता जूनमध्ये झाला, 75 वर्षांच्या प्रवाशाची सवलत ऑगस्टमध्ये आली. सरकार कधीकधी असं जुळवून आणतं.

आबाजी कुरकुर करतील. तेव्हा संवाद असा ठेवावा :

"आबाजी, बुधवारी अंजनगावले जा लागते."

"काऊन?"

"लगन हाय."

"कोनाचं?"

"थे तिथं गेल्यावर समजन. तुमाले तिकीट लागत नाई."

"माह्ये गुडघे दुखतात ना बापा."

"बसाचंच तं हाय. गाडी चालते, गुडघे नाई."

अंगावर ऐंशी आणि आधारकार्डावर बहात्तर असं वय असलेल्या आबाजींची मात्र कुचंबणा होते, आणि वऱ्हाडात असे पुष्कळ आहेत. त्यांची जन्मतारीख पटकीच्या साथीनंतरची, पोळ्याच्या आगेमागेची असते. आधारवर ती 1 जानेवारी होऊन बसते. ती दुरुस्त करायची संधी एकदाच मिळते, म्हणून केंद्रावर जाण्याआधी घरात एकमत करून घ्यावं. मोठ्या काकांपेक्षा आबाजी धाकटे ठरणार नाहीत इतपत काळजी घ्यावी.

स्वयंपाकघराकडे वळू. वर्षाचा गहू आणि तूर हंगामात भरून ठेवावी, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला तरोटा उगवतो, त्याची भाजी फुकट होते. अंबाडीही आसपासच असते. पण खरी बचत वाळवणात. मे महिन्याचं ऊन ही वऱ्हाडात सरकारी परवान्याशिवाय मिळणारी एकमेव मुबलक वस्तू आहे. गच्चीवर जुनी लुगडी अंथरून पापड, कुरडया, सांडगे, खारोड्या घातल्या की वर्षभर बाजाराचं तोंड बघावं लागत नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटून चीक काढायचा, पहाटे चार वाजता उठून तो शिजवायचा, गरम असतानाच साच्यातून पाडायचा, मग दिवसभर कावळे हाकलायचे. कुटुंबप्रमुखाच्या वहीत यापुढे 'खर्च : गव्हाचे तेवढे' अशी नोंद असते. ऊन फुकट आणि माणूसही फुकट. या मार्गदर्शिकेतल्या बहुतेक बचती शेवटी याच खात्यात जमा होतात, आणि ते खातं बोलत नाही म्हणून आपलं बरं चाललंय. 2024 पासून घरातल्या बाईच्या बँकेच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये येऊ लागले आहेत. त्या खात्यात डोकावू नये. ते बोलायला शिकतंय.

एवढं करून वर्षाकाठी जी रक्कम साठते ती लग्नात जाते. याला उपाय नाही, पण पद्धत आहे.

आधी बस्ता. अमरावतीत नागपूर रस्त्याला नांदगाव पेठेकडे कापडाचे भलेमोठे बाजार आहेत. बस्ता फाडायला चाळीस माणसं नेऊ नयेत असा नियम आहे. तो नियम कोणी केला हे माहीत नसल्यामुळे पन्नास नेतात. मुलीकडच्यांनी दुकानदाराशी घासाघीस करावी, मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांशी.

इथे गाडगेबाबांचं नाव घेणं भाग आहे, कारण खर्च न करण्यात सगळ्या वऱ्हाडात त्यांच्या पासंगाला कोणी पुरणार नाही. 1876 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि स्वतः गाडग्यात मिळेल ती भाकर खाल्ली. कर्ज काढून लग्नं करू नका, हे कीर्तनातून गावोगाव ओरडून सांगितलं. डिसेंबर 1956 मध्ये ते अमरावतीजवळ वाटेतच गेले. समाधी अमरावतीत आहे, आणि विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. त्या विद्यापीठाची पदवी हातात पडली की मुलाचा लग्नाच्या बाजारातला भाव वाढतो. तेवढ्या भावासाठी मुलीचा बाप दोन एकर काढतो. कीर्तनाचा हा परिणाम बाबांच्या हिशेबात नसावा.

राहिला आहेर. प्रत्येक घरात आहेराची वही असते आणि ती पोथीशेजारी ठेवतात. कोणी काय दिलं ते तीत लिहिलेलं असतं, आणि तेवढंच परत करायचं असतं. कमी दिलं तर नातं तुटतं, जास्त दिलं तर प्रथा पडते. म्हणून आलेलीच भांडी पुढे सरकवणं हा राजमार्ग. पण दुकानदार भांड्यावर नाव टाकून देतो, आणि आपण ते न वाचता कागद गुंडाळतो. अकोल्याच्या लग्नात दिलेला स्टीलचा डबा मूर्तिजापूरच्या बारशाला जातो, तिथून बडनेऱ्याच्या वास्तुशांतीला, आणि चार वर्षांनी आपल्याच घरी येतो. तोवर त्यावर तीन नावं कोरलेली असतात, पैकी पहिलं आपलं. अशा वेळी डबा घेताना चेहरा प्रसन्न ठेवावा, झाकण बसतं का ते बघावं आणि वहीत लिहावं : डबा, 1, मध्यम, नवा.