कलमाचे पुनर्वसन : मार्गदर्शक सूचना

गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या अंगणातून मोगऱ्याची, जास्वंदीची फांदी नव्या गावठाणात आणून जगवू पाहणाऱ्यांसाठी या सूचना आहेत. मुळे फुटलेली फांदी यापुढे ‘प्रकल्पग्रस्त’ समजावी.

१. पात्रता : नवी पालवी हा पुरावा मानू नये. मुळे नसतानाही फांदीतल्या साठ्यावर पाने फुटतात. उद्घाटनाचे फोटोही असेच हिरवेगार येतात. फांदी हलकेच ओढून पाहावी. अडली, तर मुळे आली. ही पाहणी एकदाच करावी. वारंवारच्या पाहणी दौऱ्यांनी धरलेले मूळही सुटते.

२. जागा : तळाला भोके पाडलेल्या पिशवीत पोयटा माती, वाळू आणि कुजलेले शेणखत आधी भरून ठेवावे, मग कलम आणावे. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा माणसांनी अनेकदा ऐकली आहे. कलम ती शब्दशः घेते.

३. सावली : धानाचे परे उपटून लगेच बांधीत रोवतात, म्हणून कलमालाही तेच चालेल असे समजू नये. परे येण्याआधी बांधीत चिखल तयार असतो. कलमाला आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे, मग सकाळचे कोवळे ऊन थोडे थोडे वाढवत न्यावे. मे महिन्यातले विदर्भाचे ऊन संक्रमण शिबिर मानत नाही.

४. पाणी : बोट खुपसून पाहावे, माती ओली लागली तर पाणी देऊ नये, मुळे कुजतात. धरणाला ३३ दरवाजे असले तरी कलमाला तांब्याच पुरतो. कालव्याची वाट मात्र पाहू नये. धरणाचे भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ रोजी झाले; पिशवीतली माती उन्हाळ्यात एका दिवसात सुकते.

५. खत : पहिला महिनाभर युरिया देऊ नये. प्रकल्पाचा खर्च ३७२ कोटींवरून १८ हजार कोटींच्या वर गेला, तरी त्याला सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, मिळते. कोवळ्या मुळांना वाढीव मात्रा पचत नाही, ती जळतात.

६. यशोगाथा : पहिल्या कळ्या खुडून टाकाव्यात, म्हणजे जोर मुळांकडे जातो. पहिले फूल दिसताच ‘पुनर्वसन पूर्ण’ असा अहवाल पाठवण्याचा मोह आवरावा.

७. कायमची जागा : पावसाळा लागला की कलम जमिनीत लावावे, पण जागा एकदाच ठरवून. ‘इथून रस्ता जाणार आहे’ असे दोन वर्षांनी त्याला सांगता येत नाही. ते अर्ज करत नाही, मोर्चा काढत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात उपोषणाला बसत नाही. सरळ वाळते.